मुलांचा एक्झिमा घरी सांभाळताना: आधी काय, मग काय, किती आणि कधीपर्यंत

डॉक्टरांनी एक्झिमा सांगितला, चिठ्ठीवर एक मॉइश्चरायझरचं क्रीम आणि एक औषधाची ट्यूब लिहून दिली, तुम्ही दोन्ही घेऊन घरी आलात. इथून पुढे बहुतेक घरांत तेच घडतं. ट्यूबमधलं मलम चट्ट्यावर मुगाच्या दाण्याएवढं लागतं, चार दिवसांत चट्टा फिका होतो, मग ट्यूबही बंद आणि क्रीमही बंद. पंधरा दिवसांनी चट्टा परत हजर. मग "हे औषध लागू पडत नाही" म्हणून दुसरा डॉक्टर, दुसरी ट्यूब. माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही हे पावणेदोन वर्षं केलं. औषध पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मात्रा आणि क्रम, दोन्ही आमचे चुकत होते.

ती आता आठ वर्षांची आहे. एक्झिमा, म्हणजे आपल्याकडे ज्याला इसब म्हणतात तो, कायमचा घालवणारं औषध नाही. बऱ्याच मुलांमध्ये तो वयाबरोबर कमी होतो. तोवर घरी रोज काय करायचं, ते नागपुरातल्या ओळखीच्या आयांना मी फोनवर सांगते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

टप्पा १: हा एक्झिमाच आहे ना, हे आधी पक्कं करा

तान्ह्या बाळाला तो बहुधा गालांवर, कपाळावर, डोक्यात आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो. लंगोटाची जागा सहसा सुटते. मूल मोठं झालं की तो वळ्यांमध्ये सरकतो: कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, मनगट, घोटा, मान. त्वचा कोरडी आणि खरखरीत असते, खाज असते आणि चट्टे जाऊन येऊन असतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते चित्रातल्यासारखे लालभडक दिसत नाहीत. तपकिरी, जांभळट, कधी राखाडी दिसतात. डोळ्यांनी लाली शोधत बसण्यापेक्षा बोट फिरवून पाहा. बोटाला खरखर लगेच कळते.

तीन गोष्टींशी घोळ होतो.

खरूज: घरात आणखी कोणाला खाज सुटते आहे का, रात्री ती वाढते का, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत का? असतील तर ही खरूज असू शकते. तिचं औषध वेगळं असतं आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं.

गजकर्ण: कडा उठलेली, मध्ये साफ होत जाणारी गोल चकती. यावर स्टेरॉइडचं (जळजळ दाबणारं) मलम लावलं की खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी आत पसरत राहते.

घामोळ्या: एप्रिल-मेमध्ये मानेवर, पाठीवर येणारे बारीक दाणे. हे गार हवेत आपोआप जातात.

"लेकराच्या अंगातली गरमी निघून राहिली, निघू दे," हे वाक्य आमच्या घरी रोज ऐकू यायचं. सांगणाऱ्यांची माया खरी असते, पण या समजुतीपायी उपचार लांबतात. एक्झिमात त्वचेचा वरचा थर गळका असतो. आतली ओल बाहेर उडते आणि बाहेरचा साबण, धूळ, घाम आत टोचतो. घरी जे काही करायचं आहे ते ही गळती बुजवण्यासाठी.

तपासा: निदान डॉक्टरांनी मुलाचे कपडे काढून, अंग पाहून केलं आहे ना? फोनवर फोटो पाठवून किंवा औषधाच्या दुकानात विचारून केलेलं निदान धरू नका. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर नागपुरातल्या सरकारी इस्पितळांत, म्हणजे मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयोमध्ये (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानच्या एम्समध्ये त्वचेची ओपीडी आहे.

टप्पा २: सामान जमवा, मगच सुरुवात करा

अर्धं सामान आणून सुरुवात केली की पाचव्या दिवशी क्रीम संपतं आणि सगळी घडी मोडते. आधी एवढं घरात हवं:

– बिनवासाचं मॉइश्चरायझर, मोठ्या पॅकमध्ये. महागच हवं असं नाही. साधी पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिन असलेलं क्रीमही काम करतं. डब्यावर 'बेबी' लिहिलं आहे यापेक्षा त्याला सुवास आहे का, हे पाहा. सुवास असेल तर नको.
– साबणाऐवजी साबणविरहित सौम्य क्लिन्झर.
– डॉक्टरांनी लिहिलेलं औषध. ट्यूबवर मार्करने तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठे लावायचं, दिवसातून किती वेळा, कोणत्या तारखेला उघडली. चेहऱ्याची आणि अंगाची ट्यूब वेगळी असेल तर हे फारच गरजेचं आहे, कारण रात्री अर्ध्या झोपेत दोन्ही ट्यूब सारख्याच दिसतात.
– मऊ सुती पंचा, नेलकटर, डब्यातून क्रीम काढायला एक स्वच्छ चमचा. बोटं घातली की डब्यात जंतू जातात.

क्रीम, लोशन, जेल की मलम, यावर लोक तासन्‌तास खल करतात. इंग्लंडमध्ये ५५० मुलांवर या चारही प्रकारांची तुलना झाली, निकाल २०२२ साली छापून आला: परिणामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा जे मूल लावू देतं आणि जे तुमच्या खिशाला दर महिन्याला झेपतं, ते चांगलं. नवं क्रीम मात्र आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दोन दिवस लावून पाहा.

सावध: दुधाची साय, बेसन, हळद-दूध, बदामाचं तेल फुटलेल्या त्वचेवर नको. खाण्याच्या वस्तू फाटक्या त्वचेतून आत शिरल्या तर मुलाला त्याच वस्तूची ॲलर्जी जडण्याचा धोका असतो. मोहरीचं तेल त्वचेचा थर आणखी बिघडवतं. खोबरेल तेल बहुतेक मुलांना चालतं, पण चोळून नाही आणि क्रीमच्या जागी नाही. आजीला तेल लावायचंच असेल तर अंघोळीनंतर, क्रीम मुरल्यावर, हलक्या हाताने लावू द्या. कणकेचा गोळा फिरवणं आणि डाळीच्या पिठाने चोळणं पूर्ण बंद. मालिशवाल्या बाईंना हे पहिल्याच दिवशी सांगा, त्यांच्या समोर उभं राहून सांगा.

टप्पा ३: अंघोळ

अंघोळ रोज घातली तरी चालते. "पाण्याने कोरडं पडतं" म्हणून दोन-तीन दिवस अंघोळ न घालणारी घरं मी पाहिली आहेत. त्याने घाम आणि धूळ अंगावर तशीच राहते आणि खाज वाढते. पाण्यानंतर क्रीम लागलं नाही तर मात्र नक्कीच कोरडं पडतं.

१. पाणी कोमट. कोपर बुडवून पाहा. गरम आणि गार दोन्ही वाटलं नाही तर बरोबर. डिसेंबर-जानेवारीत गीझरचं कढत पाणी घेण्याची चूक सर्रास होते.

२. पाच ते दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. खेळणी टाकून टबात अर्धा तास बसवू नका.

३. क्लिन्झर फक्त काखा, जांघा, हात, पाय आणि जिथे मळ आहे तिथे. फेस आला नाही तरी अंग स्वच्छ होतं.

४. केस शेवटी धुवा आणि डोकं मागे झुकवून धुवा, म्हणजे शाम्पूचं पाणी अंगावरून ओघळत नाही.

५. पंचा टेकवून टिपा. पुसू नका. त्वचा किंचित ओलसर राहू द्या.

पाण्यात जंतुनाशक द्रवाचं झाकण ओतू नका, त्वचा जळते. कडुलिंबाचा पाला उकळून घातलेलं पाणीही काही मुलांना झोंबतं. अंघोळीच्या पाण्यात टाकायचे खास तेलाचे थेंब विकत मिळतात, त्यांवरही पैसे घालवू नका: ४८२ मुलांवर केलेल्या तपासणीत, जी २०१८ मध्ये छापली गेली, नेहमीच्या उपचाराच्या जोडीला ते वापरून फायदा दिसला नाही.

शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांमध्ये बोअरचं जड पाणी येतं आणि प्रत्येकाचा संशय त्या पाण्यावर जातो. जड पाण्यात साबण जास्त लागतो आणि त्याचा थर अंगावर राहतो, हे खरं. पण पाणी मऊ करणारं यंत्र घरात बसवून मुलांचा एक्झिमा सुधारतो का, हे ३३६ मुलांवर पाहिलं गेलं (२०११ मध्ये निकाल आला) आणि फरक पडला नाही. त्या यंत्राच्या पैशांत वर्षभराचं क्रीम येतं.

तपासा: पंचा लावल्यावर त्वचेवर हात ठेवा. हाताला ओल जाणवली पाहिजे. पूर्ण कोरडी लागली तर तुम्हाला उशीर झाला आहे.

टप्पा ४: मॉइश्चरायझर, आणि ते भरपूर

सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून इथे जरा थांबते.

आम्ही "रोज लावतो" असं छातीठोकपणे सांगायचो. आमच्या डॉक्टरीण बाईंनी एकदा विचारलं, "डबा किती दिवस पुरतो?" मी म्हणाले, "दोन महिने." त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, घरी जाऊन डबा वजन करा, आठवड्याने पुन्हा करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवला. सात दिवसांनी पुन्हा ठेवला. आठवड्यात अठरा ग्रॅम कमी झाले होते. दोन वर्षांच्या, अंगभर कोरड्या पडलेल्या मुलीला आठवड्यात अठरा ग्रॅम! अंगभर एक्झिमा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅम, कधी त्याहून जास्त लागतं. तान्ह्याला साधारण त्याच्या निम्मं धरा. चट्टे मोजकेच असतील तर कमी पुरेल, पण महिना-दोन महिने एक डबा पुरत असेल तर तुम्ही लावत नाही आहात, नुसता हात फिरवत आहात.

लावायची पद्धत:

१. अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत. डबा आणि कपडे न्हाणीघराच्या दाराशी आधीच ठेवा. कपडे शोधण्यात ती तीन मिनिटं जातात.

२. चमच्याने क्रीम काढून मुलाच्या अंगावर ठिपके ठेवा: छातीवर, पोटावर, पाठीवर, हातापायांवर. मग वरून खाली, लव ज्या दिशेने आहे त्या दिशेने पसरवा. गोल गोल चोळलं की लवेच्या मुळाशी पुळ्या येतात.

३. चट्ट्यांवरच नाही, सगळ्या अंगावर. जिथे आज चट्टा नाही तिथेही त्वचा गळकीच असते.

४. वर पातळ चकाकी दिसली पाहिजे. पाच मिनिटांत ती मुरते. मुरत नसेल तर थोडं जास्त झालं, बिघडलं काहीच नाही.

५. दिवसातून किमान दोनदा. दुसरी वेळ झोपण्याआधी. हात-तोंड धुतल्यावर त्या त्या जागी पुन्हा.

आणि त्वचा चांगली दिसायला लागली की बंद करायचं नाही. त्वचा चांगली दिसते ती क्रीम चालू आहे म्हणून. माझं या बाबतीत पक्कं मत आहे: घरात एकाच गोष्टीचं वेळापत्रक पाळता येणार असेल तर ते क्रीमचं पाळा.

सावध, आग: पॅराफिनची क्रीम आणि जेली कपड्यांत, चादरीत झिरपते आणि असं कापड चटकन पेट घेतं. दिवाळीत पणत्या, फुलझड्या, देवघरातली निरांजनं, गॅसची शेगडी यांपासून मुलाला लांब ठेवा. फटाके उडवताना क्रीम लागलेले कपडे बदलून धुतलेले सुती कपडे घाला. धुतल्यावरही थोडा अंश राहतो, म्हणून अंतर पाळाच.

सावध, पाय घसरणं: क्रीम लावलेल्या तळव्यांनी मूल न्हाणीघराच्या फरशीवर धावतं. तळवे शेवटी, पलंगावर बसवून लावा.

टप्पा ५: भडकलेल्या जागी औषध, पेर मोजून

स्टेरॉइड म्हटलं की घराघरात दोन टोकं दिसतात. एका घरी भीतीपोटी लावतच नाहीत, दुसऱ्या घरी वर्षभर रोज लावतात. दोन्हीकडे हाल मुलाचेच. डॉक्टरांनी वय, जागा आणि जोर पाहून दिलेलं सौम्य किंवा मध्यम मलम ठरलेल्या दिवसांपुरतं, पुरेशा मात्रेत लावलं तर ते सुरक्षित आहे. त्वचा पातळ होते ती तीव्र मलम महिनोन्‌महिने, चेहऱ्यावर आणि वळ्यांत फासल्याने.

मोजायचं कसं? मोठ्या माणसाची तर्जनी घ्या. टोकापासून पहिल्या रेघेपर्यंतचं पेर, त्यावर ट्यूबमधून सरळ एक रेघ काढा. हे झालं एक पेर, साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढी, बोटं धरून, जागा भागते. माप तुमच्या बोटाचं, मुलाच्या नाही.

तो सबंध भाग भडकला असेल तर एका वेळेला इतकी पेरं लागतात:

३ ते ६ महिने: चेहरा-मान १, एक हात १, एक पाय दीड, छाती-पोट १, पाठ आणि ढुंगण मिळून दीड.
१ ते २ वर्षं: चेहरा-मान दीड, एक हात दीड, एक पाय २, छाती-पोट २, पाठ-ढुंगण ३.
३ ते ५ वर्षं: चेहरा-मान दीड, एक हात २, एक पाय ३, छाती-पोट ३, पाठ-ढुंगण साडेतीन.
६ ते १० वर्षं: चेहरा-मान २, एक हात अडीच, एक पाय साडेचार, छाती-पोट साडेतीन, पाठ-ढुंगण ५.

चट्टे थोडेच असतील तर पंजांनी मोजा. चार वर्षांच्या मुलाची दोन्ही कोपरं आणि दोन्ही गुडघ्यांचे मागचे भाग मिळून दोन पंजे भरले, तर एका वेळेला एक पेर. रोज एकदा लावलं तर आठवड्याला साडेतीन ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब तीन आठवडेही पुरणार नाही, आणि तुमच्या घरी ती सहा महिने पुरत असेल तर औषध कमी लागतं आहे.

क्रम असा. आधी मॉइश्चरायझर सगळीकडे, मग वीस-तीस मिनिटं थांबून औषध फक्त भडकलेल्या जागी. उलट क्रमही चालतो, मधलं अंतर मात्र चुकवू नका. लगेच एकावर एक लावलं की औषध पातळ होऊन चांगल्या त्वचेवर पसरतं. दोन्ही एकाच तळहातावर कालवून लावणं तर नकोच.

कधी थांबायचं? चट्टा फिका झाला की नाही. बोटाला खरखर लागेनाशी झाली आणि खाज थांबली की. याला बहुधा काही दिवस ते दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी थांबलात तर आतली जळजळ शिल्लक असते आणि ती पुन्हा वर येते. वारंवार भडकणाऱ्या जागांवर काही डॉक्टर त्वचा साफ झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस औषध लावायला सांगतात. तसं सांगितलं असेल तर पाळा, आपल्या मनाने सुरू करू नका.

चेहरा, पापण्या आणि मानेसाठी डॉक्टर कधी टॅक्रोलिमसचं मलम देतात. ते स्टेरॉइड नाही. दोन वर्षांपुढच्या मुलांना ०.०३ टक्क्यांचं देतात. पहिले काही दिवस ते झोंबतं, हे मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून ते ट्यूब पाहूनच पळतं.

सावध: औषधाच्या दुकानात "खाजेचं क्रीम" मागितलं की बरेचदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र असलेलं क्रीम हातात पडतं. आम्हालाही आमच्या गल्लीतल्या दुकानातून तेच मिळालं आणि मुलीच्या गालाला ते तीन आठवडे लागलं. चार दिवसांत गाल गुळगुळीत झाला म्हणून आम्ही खूश होतो. बंद केल्यावर आधीपेक्षा दुप्पट भडकला. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे शब्द दिसले आणि त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी नसेल, तर ती मुलाला लावू नका.

चट्टा गेल्यावर फिके पांढरट डाग राहतात, कधी काळपट. हे कोड नाही, कॅल्शियम कमी झाल्याचं लक्षणही नाही. काही महिन्यांत रंग परत येतो. डागांवर औषध लावत राहू नका.

तपासा: सात दिवस मोजून लावूनही फरक नाही? मात्रा वाढवू नका. डॉक्टरांना दाखवा. संसर्ग झाला असेल किंवा निदानच वेगळं असेल.

टप्पा ६: रात्रीची खाज

अंधारात चादरीवर घोटे घासल्याचा तो खर्र-खर्र आवाज ज्या आईबापांनी ऐकला आहे त्यांना हा टप्पा वेगळा का, ते सांगायला नको.

झोपण्याच्या तासभर आधी औषध, म्हणजे ते मुरतं. झोपताना क्रीम. नखं आठवड्यातून दोनदा, कापून कानशीने गोल करा; तिरपं कापलेलं नख जास्त ओरबाडतं. खाज उठली की "खाजवू नको" म्हणून ओरडण्याचा उपयोग नाही. फ्रीजच्या पाण्यात भिजवून पिळलेला सुती रुमाल पाच मिनिटं त्या जागी ठेवा, मग त्याच जागी क्रीम. बर्फ थेट नको. क्रीमचा छोटा डबा फ्रीजमध्ये ठेवला तर उन्हाळ्यात त्याचा गारवाच अर्धी खाज मारतो.

झोप आणणारं खाजेचं पातळ औषध एक्झिमाची खाज फारशी कमी करत नाही, मूल नुसतं गुंगतं. डॉक्टरांनी दिलं तर दिलं तेवढेच दिवस. औषध लावून त्यावर ओल्या सुती कपड्याचा थर गुंडाळण्याची पद्धत काही मुलांना फार आराम देते, पण ती डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. त्वचा चिघळलेली असताना ती करायची नसते.

टप्पा ७: नागपूरच्या हवेप्रमाणे बदल

उन्हाळा. पारा ४५ च्या वर गेला की त्रास घामाचा असतो. मूल बाहेरून आलं की साध्या पाण्याने घाम धुवा, टिपा, पातळ क्रीम लावा. जाड जेली या दिवसांत वळ्यांमध्ये घाम कोंडते आणि घामोळ्या उठतात, म्हणून दिवसा क्रीम किंवा लोशन आणि जेली फक्त रात्री, कोरड्या जागी. घामोळ्यांची पावडर त्वचा आणखी सुकवते, ती नको. कूलर लावा, पण झोत मुलाच्या अंगावर नको, भिंतीकडे वळवा. मार्चमध्ये पहिल्यांदा कूलर सुरू करताना मूल त्या खोलीत नको. कूलरच्या जुन्या ताट्यांत (बाजूच्या गवती जाळ्यांत) वर्षभराची धूळ आणि बुरशी बसलेली असते. ताट्या बदला, टाकी घासा, अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवून चालवा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी बारा ते पाच मुलाला बाहेर काढू नका, हे वेगळं सांगायला नको.

पावसाळा. दमट हवेत त्वचा जरा सुधारते, पण कपडे वाळत नाहीत. अर्धवट वाळलेली चड्डी-बनियन घातली की जांघेत बुरशी. पंख्याखाली पूर्ण वाळवा, शेवटी इस्त्री फिरवा. तान्ह्या पोळ्याला मुलांना लाकडी नंदी घेऊन नवे कपडे घालून मिरवायचं असतं. ते कपडे आदल्या आठवड्यात एकदा धुऊन ठेवा. नव्या कापडाची खळ आणि जरीची किनार मानेला कापते. आतून जुनी मऊ बनियन घाला, मग वर जरी असो की सॅटिन.

हिवाळा. नोव्हेंबरपासून हवा कोरडी होते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० च्या खाली जातो. याच काळात एक्झिमा सर्वात जास्त भडकतो. क्रीमवरून जेलीवर या, तीन वेळा लावा. लोकरी स्वेटर अंगाला लागता कामा नये. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. खोलीत शेगडी किंवा हीटर असेल तर मुलाला त्यापासून लांब झोपवा.

आणि संत्री. आपल्या गावात मूल संत्र्याशिवाय वाढत नाही. संत्र्याचा रस तोंडाभोवतीच्या फुटलेल्या त्वचेला झोंबतो, चट्टा उठतो आणि घरचे म्हणतात संत्र्याची ॲलर्जी आहे. बहुतेक वेळा ती जळजळ असते. फोड देण्याआधी ओठांभोवती आणि हनुवटीवर जेलीचा थर लावा, खाऊन झालं की ओल्या कापडाने टिपा. लाळ गळणाऱ्या बाळालाही जेवणाआधी हेच करा.

टप्पा ८: खाणं, शाळा, लस

दूध, अंडी, गहू, शेंगदाणे आपल्या मनाने बंद करू नका. मुलाचं वजन वाढायचं थांबतं आणि एक्झिमा तसाच राहतो. रक्ताच्या मोठ्या ॲलर्जी चाचणीत वीस गोष्टी 'पॉझिटिव्ह' आल्या म्हणजे वीस गोष्टी बाधतात असं नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, असं झालं तर डॉक्टरांना सांगा. श्वास लागला तर थेट इस्पितळ.

शाळेत बाईंना पहिल्याच आठवड्यात भेटा. हा आजार लागट नाही, हे त्यांच्या तोंडून वर्गाला कळलं तर मुलाला बाकावर एकटं बसावं लागत नाही. दप्तरात छोटी डबी द्या. मुलाची जागा खिडकीच्या उन्हात नको. लसी वेळेवर सगळ्या द्या. एक्झिमासाठी लस पुढे ढकलू नका.

टप्पा ९: घरचं पुरे, आता डॉक्टर

दोन-तीन दिवसांत दाखवा: चट्ट्यांतून पाणी येतं आहे, मधासारखी पिवळी खपली धरते आहे, जागा गरम आणि दुखरी झाली आहे. हा जंतुसंसर्ग आहे. मॉइश्चरायझर चालू ठेवा, उरलेलं जुनं प्रतिजैविक मात्र देऊ नका. सोबत ताप असेल किंवा लाली भराभर पसरत असेल तर त्याच दिवशी न्या.

त्याच दिवशी, रात्र असली तरी न्या: एकसारख्या आकाराच्या बारीक फोडांचे पुंजके अचानक उठले, फुटून खोचल्यासारखे खड्डे पडले, ते भराभर पसरत आहेत, मूल तापलेलं आणि मलूल आहे. हा नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूचा संसर्ग असू शकतो. डोळ्याजवळ असेल तर एक तासही थांबू नका. घरात कोणाच्या ओठावर हर्पीसचे बारीक फोड आले असतील तर त्याने बाळाचा मुका घेऊ नये, आणि हे पाहुण्यांनाही स्पष्ट सांगा.

डॉक्टरांकडे जाताना संपलेल्या ट्यूब आणि रिकामे डबे पिशवीत घालून न्या. "पांढरी ट्यूब, निळं झाकण" यावरून कोणालाच काही कळत नाही. चट्टा सगळ्यात जास्त भडकला होता त्या रात्रीचा फोटो, दिवसा खिडकीजवळ काढलेला एक फोटो, आणि महिनाभरात किती ग्रॅम क्रीम संपलं तो आकडा. बऱ्याचदा जायच्या दिवशीच चट्टा शांत असतो, तेव्हा फोटोच बोलतो. त्या सकाळी क्रीम लावा, पण औषध तपासणीनंतरच लावा, म्हणजे त्वचा जशी आहे तशी दिसेल.